आवडाच्या रुखवतातली पॅन्सी

सरूचं ठरलेलं लग्न मोडलं ते रझाकारांच्या धामधुमीत. मुलाकडचे सोलापूरकडे निघून गेले, अन् पोलीस अॅक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं तरी काही परतले नाहीत. जो तो म्हणाला, थांबा, जरा सुरळीत होऊ द्या. सुरळीत झालं तोवर सरू तिशीला टेकली अन् धाकट्या बहिणी उजवायला आल्या. अशा घरात थोरलीनं करायचं काय? तर धाकट्यांची रुखवतं!

दोघींची झाली होती. आता तिसरी, आवडा. हिला सुईत दोरा ओवता येईना. पण रुखवतातला कशिदा नवरीच्याच हातचा, असं लग्नघरी सगळ्यांनी म्हणायचं असतं. पुण्याहून टपालानं बायकांचं मासिक यायचं. त्यात दर अंकाला एका फुलाचा नमुना असायचा. देठ, कळी, पानाच्या शिरांसकट. सरू रेघांवर सुईनं भोकं पाडायची, रॉकेलात नीळ कालवून वरून बोळा फिरवायची, की खालच्या कापडावर फूल उमटायचं. या खेपेला पॅन्सी होती, विलायती फूल. औरंगाबादेत कुणाच्या बापानं पाहिलीय पॅन्सी! मासिक म्हणालं जांभळी, सरूनं जांभळी केली. मान भरून यायची, चष्मा लावूनही डोळ्यांना धार लागायची. "एवढं शेवटचं गं," आई, मनकर्णाबाई, म्हणायची. अन् आवडा खरंच शेवटची होती. त्या एका आशेवर सरू टाके घालत होती.

लग्न लागलं. गंगापूरच्या विहीणबाई, लक्ष्मीबाई, रुखवतातल्या पॅन्सीच्या अभ्र्यापुढं खिळल्या.

"कंचं फूल गं हे, सूनबाई?"

"विलायती झेंडू," आवडा ठणकावून म्हणाली.

सरूला दरदरून घाम फुटला. पण विहीणबाईंनी तरी पॅन्सी कुठं पाहिली होती?

"लई झ्याक झालाय! माझ्या दोघी पोरी उजवायच्या हायेत. त्यांची रुखवतं आता तुझ्याच हातची."

आवडा पांढरीफटक पडली. आत येऊन आईच्या गळ्यात पडली. "माझं बिंग फुटंल गं!"

मनकर्णाबाई जराही गडबडल्या नाहीत. "सरू जाईल ना तुझी पाठराखीण."

पाठराखीण म्हणजे नवरीची सोबत. चार दिवस राहायचं अन् माघारी यायचं.

"चार दिवसांत दोन रुखवतं होत्यात व्हय?" सरू म्हणाली.

"बघू की," म्हणत आई ट्रंक भरायला बसली.

सरू दारात उभी राहून बघत होती. दोन लुगडी आत गेली. मग तिसरं. मग सणाचं ठेवणीतलं. मग साऱ्या चोळ्या. वैशाखाचं ऊन अंगणात रणरणत होतं, अन् आईनं थंडीतली शाल नीट घडी घालून सगळ्यात वर ठेवली.

"शाल कशाला, आई?"

"असू दे. हिवाळ्यात नदीकडं गारठा असतो."

सरूला एवढा शीण आला की उंबऱ्यावरच बसावंसं वाटलं. आवडाच्या दोघी नणंदांची रुखवतं झाली की तिथं तिसरं काहीतरी निघणारच होतं. आई थोरलीलाही आज वाटेला लावत होती. ना हळद, ना अक्षता. तिला रडू येईना, भांडायचं बळही येईना.

आईनं ट्रंकेचं झाकण लावलं. वर न बघताच विचारलं, "चष्मा घेतलास का गं?"

"घेतला," सरू म्हणाली.