पंधरा फेऱ्या

“एष्टु?” मैदानाची एक फेरी मारून आल्यावर ह्यांनी धापा टाकत विचारलं, आणि मी खोटं बोलले.

आमच्या घरात निम्मं कन्नड, निम्मं मराठी चालतं. एष्टु म्हणजे किती. किती वेळ लागला, एवढंच त्यांना हवं होतं. माझ्या हातात त्यांचंच मनगटी घड्याळ होतं, सेकंदकाट्याचं, गिरणीच्या शर्यतीत मिळालेलं. काटा स्वच्छ सांगत होता, तीन मिनिटं वीस सेकंद. मी म्हणाले, दोन चाळीस.

मी म्युनिसिपालिटीच्या शाळेत मास्तरीण आहे. एकवीस वर्षांत कुणाला अर्धा गुण फुकट दिलेला नाही. हेडमास्तरांच्या भाचीला गणितात नापास केलं म्हणून त्यांनी दोन वर्षं मला पहिलीचा वर्ग सांभाळायला लावला, तरी पेपरावरचा आकडा मी बदलला नाही. अशी बाई भर सकाळी चाळीस सेकंद गिळून बसली. पण तुम्ही ह्यांचा चेहरा पाहिला असतात तर तुम्हीही गिळले असते. वर्ष होत आलं होतं, ह्या माणसाने आपणहून एक प्रश्न विचारला नव्हता. जेवायला काय केलंय, पत्र कुणाचं आलं, बाहेर पाऊस पडतोय का, काही नाही. आणि आता विचारलं, किती.

ह्यांचं नाव विरुपाक्ष. तोंडाने मी घेत नाही, पण लिहायला काय हरकत. मूळचे वळसंगचे, इथे सोलापुरात गिरणीत फिटर. वेड एकच, पळण्याचं. सकाळी साडेसहाला गिरणीचा पहिला भोंगा झाला की गिरणीमागच्या मैदानावर सुरुवात करायची, आणि सातच्या दुसऱ्या भोंग्याला पंधरा फेऱ्या संपवून बुटाच्या नाड्या सोडत बसायचं. मग साडेसातला पाळीवर. दर जानेवारीत कामगारांच्या खेळांत पंधरा फेऱ्यांची शर्यत असते. तीत सहा वर्षं ह्यांनी पहिला नंबर सोडला नव्हता. मी कधी बघायला गेले नाही. मोठा बाप्या माणूस गोल गोल पळतो त्यात बघायचं काय, असं मला वाटायचं आणि मी ते बोलूनही दाखवायची.

चौऱ्याहत्तर सालच्या दहा ऑगस्टला, शनिवार होता, ह्यांनी पहाटे बूट घातले, खाटेवर बसून राहिले, मग बूट काढून ठेवले आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. मला वाटलं, कणकण असेल. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी गिरणीतही गेले नाहीत.

काय झालं, काय झालं, म्हणून सगळे विचारत राहिले. शेजारच्या चिमाबाईंनी तर वाटेत अडवून विचारलं, गिरणीत कुणाशी वाजलं का, की घरात काही बिनसलंय. चनबसप्पा म्हणून गिरणीच्या स्टोअरमध्ये कारकून आहेत, ह्यांचे जुने मित्र. ते म्हणाले, मुलगी लग्न होऊन कुर्डुवाडीला गेली, ते मनाला लागलं असेल. काशम्मांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी (हे त्यांना अव्वा म्हणतात), नजर उतरवली, अंगारा लावला, सोमवार धरले. आणि खरी गोष्ट अशी होती की काही झालंच नव्हतं. हेच कुणाला पटत नव्हतं. मलाही नाही. मी रागावले. आळशी म्हणाले, आणखीही बरंच बोलले. एकदा पाण्याचा तांब्या खाटेशेजारी असा आपटला की त्याला पोचा पडला. त्यावरही ते वळले नाहीत, तेव्हा मात्र मला भीती वाटली.

शेवटी डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी सांगितलं, कावीळ होते तसाच हा आजार आहे, ह्याला डिप्रेशन म्हणतात, ह्यात रुग्णाची चूक नाही आणि बाई, तुमचीही नाही. गोळ्या दिल्या. जरा उठायला लागले की चालायला न्या म्हणाले, पळा म्हणून मागे लागू नका. मार्चमध्ये एका रविवारी ह्यांनी आपल्या हाताने पाणी तापवून अंघोळ केली. सासूबाई देवापुढे जाऊन बसल्या त्या दुपारपर्यंत उठल्याच नाहीत. एप्रिलमध्ये चनबसप्पांनी खटपट करून ह्यांना दुसऱ्या पाळीला हलकं काम मिळवून दिलं. मग रोज सकाळी आठच्या सुमाराला मी ह्यांना मैदानावर चालायला नेऊ लागले. घड्याळ माझ्याकडेच असायचं, कारण मला शाळा गाठायची असायची. तीन महिने आम्ही नुसते चाललो. आणि जुलैत एके दिवशी ह्यांनी काही न बोलता चपला काढल्या, माझ्या पुढ्यात ठेवल्या आणि एक फेरी पळाले. ती ही फेरी.

खोटं एकदा बोलून भागत नाही, हे मुलांना मी दरवर्षी सांगते. स्वतःवर आल्यावर समजलं. दुसऱ्या दिवशी परत तीन वीस लागली, मी दोन अडतीस सांगितली. सुधारणा दिसायला नको का? आठवड्याने दोन फेऱ्या, मग पाच, मग आठ. रोज खरी वेळ मनात ठेवायची, कालचं खोटं आठवायचं आणि त्याच्याशी जुळेल असं आजचं खोटं तयार करायचं. शाळेत त्रैराशिक शिकवताना इतका घाम फुटला नव्हता. पण हे जेवू लागले. जेवताना बोलू लागले. कॅनव्हासचे बूट धुऊन उन्हात वाळत घातलेले दिसले त्या दिवशी मी गुपचूप पेढे आणले आणि निमित्त भलतंच सांगितलं.

सासूबाईंना मात्र मी सांगून टाकलं. त्या तांदूळ निवडत होत्या. त्यांनी हात थांबवला नाही.

“खोटं बोलून माणूस उठतोय न्हवं? मग बोल की,” त्या म्हणाल्या. “पर खाली उतरवायचा कसा, ते तुजं तू बग.”

ते मला सुचत नव्हतं. नोव्हेंबर सरता सरता माझ्या हिशोबाने हे एक फेरी दोन मिनिटांत मारू लागले होते, म्हणजे आजारापूर्वीइतके. खरं म्हणाल तर पावणेतीनाच्या वर लागत होते. मी एवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं. पण एक दिवस चनबसप्पा घरी आले, चहा झाला, ह्यांनी त्यांना आपली वेळ सांगितली. चनबसप्पा उडालेच. त्यांनी तिथल्या तिथे जानेवारीच्या शर्यतीसाठी ह्यांचं नाव पक्कं केलं आणि दोन दिवसांत गिरणीभर झालं, की विरुपाक्ष परत आला, यंदा बाकीच्यांनी दुसऱ्या नंबरासाठी पळायचं.

त्या दिवसापासून माझी झोप उडाली. डोळ्यांपुढे सारखं तेच. सगळी गिरणी बघत असेल, हे पुढे जायला बघतील आणि पंचवीस-पंचवीस वर्षांची पोरं दोन-दोन फेऱ्यांनी मागे टाकतील. नुसते हरले असते तर मला काही वाटलं नसतं. पण घरी येऊन हे पुन्हा भिंतीकडे तोंड करून झोपतील, आणि ह्या खेपेला कारण असेल, आणि ते कारण मी असेन. सांगावं तर आजच झोपतील. न सांगावं तर जानेवारीत. रोज सकाळी ठरवायचं, आज सांगायचं, आणि रोज ते एष्टु म्हणाले की तोंडातून दुसराच आकडा बाहेर पडायचा.

डिसेंबरात ह्यांना पुन्हा पहिली पाळी मिळाली. मला आनंद झाला. ह्यांना तर इतका झाला की म्हणाले, उद्यापासून पहिल्या भोंग्याला सुरू करू, पहिल्यासारखं, आणि उद्या पुऱ्या पंधरा. मी बरं म्हणाले. मूर्ख बाई. माझ्या लक्षातच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी थंडी बरीच होती. मी डोक्यावरून शाल घेऊन मैदानाकडेच्या दगडावर बसले. साडेसहाला भोंगा झाला आणि हे निघाले. चांगले पळत होते. पाचवी फेरी, सहावी. प्रत्येक फेरीला माझ्यासमोरून जाताना जरा हात वर करायचे. सातव्या फेरीला मी घड्याळात पाहिलं. अहो, सातला दुसरा भोंगा होणार. माझ्या आकड्यांप्रमाणे तोवर पंधरा फेऱ्या संपायला हव्यात. आजवर आम्ही आठला येत होतो, तेव्हा कुठला भोंगा नव्हता. मी हातातलं घड्याळ सांभाळत बसले, आणि हे गिरणीचं घड्याळ सगळ्या सोलापूरला ऐकू जातं ते विसरले.

नववी झाली. दहावी झाली. बंद पडो मेला तो भोंगा, असं मी मनात म्हणाले. अकरावी झाली, बारावी सुरू झाली आणि हे पार पलीकडच्या टोकाला असताना भोंगा वाजला.

ते थांबले. गुडघ्यांवर हात ठेवून वाकले. इतक्या लांबून तोंड दिसत नव्हतं, नुसती पाठ दिसत होती. त्या पाठीकडे मी सात महिने बघितलं होतं, त्यामुळे मला ती ओळखू आली. भोंगा वाजून संपला तरी ते तसेच. मी उठले. जाऊन पाय धरावे की पळून जावं, काही कळेना, म्हणून पुन्हा बसले.

मग ते सरळ झाले आणि पळायला लागले.

बारावी पुरी केली. तेरावीला समोरून गेले, हात वर केला नाही, माझ्याकडे बघितलंही नाही. चौदावी. पंधरावीला पाय जेमतेम उचलत होते, पण चालले नाहीत, पळालेच. येऊन समोर उभे राहिले. अंगातून वाफ निघत होती. एष्टु म्हणाले नाहीत.

“एक्केचाळीस मिन्टं,” मीच म्हणाले.

“हे खरं?”

“व्हय.”

“आन् आदीचे?”

सगळे आकडे मला पाठ होते. वर्गातल्या साठ पोरांचे गुण पाठ असतात, हे तर एकाच माणसाचे. पहिल्या दिवशी एका फेरीला तीन वीस. पाच फेऱ्या, साडेपंधरा मिनिटं. आठ फेऱ्या तेवीस मिनिटं. मी खाली मान घालून एकेक सांगत गेले. ते मनात भागाकार करत होते, ओठ हलत होते.

“तीन ईस,” ते म्हणाले. “मग तीन सा. मग दोन बावन. आन् आज दोन चव्वेचाळीस, त्यात मदी थांबलो.” मग म्हणाले, “म्हंजे येळ कमीच होत हुता की गं.”

शप्पथ सांगते, हे मला दिसलं नव्हतं. मी खोट्याला खोटं जोडण्यात इतकी गुंतले होते की खऱ्या आकड्यांकडे कधी ओळीने बघितलंच नाही. माझी मलाच लाज वाटली. मी म्हणाले, चुकलं माझं, चनबसप्पाभाऊजींना सांगून शर्यतीतलं नाव काढायला लावते.

“ऱ्हाऊ दे,” ते म्हणाले. “शेवटून पयला येतो. कुणीतरी यायाच पायजे की.”

ते माझ्या शेजारी दगडावर बसले. शालीचं एक टोक मी त्यांच्या पाठीवर टाकलं.

“आन् येक खरं सांग,” ते म्हणाले. “मी भिताडाकडं त्वांड करून किती दिस हुतो? अव्वा म्हणती म्हैना-दोन म्हैने. चनबसप्पा बी तसंच म्हणतो.”

मला तेही पाठ होतं. सांगावं की नाही, हा प्रश्न ह्या वेळी पडला नाही.

“दोनशे अकरा.”

त्यांनी मान हलवली. पाळीला दहा मिनिटं उरली होती, मी तसं म्हणाले, पण ते हलले नाहीत. मग माझ्याकडे न बघताच त्यांनी विचारलं,

“तवा तू काय करत हुतीस?”

हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. ह्यांचं कसं आहे, एवढंच सगळे विचारायचे. मी शाळेत जात होते म्हणाले. ते वाट बघत राहिले. मग सांगितलं, की मधल्या सुट्टीत शाळेच्या जिन्याखाली झाडू ठेवायची जागा आहे, तिथे जाऊन मी रडायची, आणि घंटा झाली की तोंड धुऊन वर्गावर जायची.

“रोज?”

“रोज न्हाई,” मी म्हणाले. “रविवारी शाळा नसती.”