दारावरचं गाणं आणि काळा मणी

रविवारी संध्याकाळी सहा वाजता आयोवातल्या एका छोट्या कॉलेजच्या भगिनीमंडळाने, म्हणजे विद्यार्थिनींच्या सोरोरिटीने, बैठकीच्या खोलीचं दार आतून लावून घेतलं. ब्रिन हॉल्वर्सन बाहेर जिन्यात बसली. तिला शाखेत घ्यायचं की नाही, यावर आत मतदान होतं. पांढरा मणी म्हणजे होकार, काळा म्हणजे नकार. एक जरी काळा मणी पडला तर एकदाच फेरमतदान. तेव्हाही पडला तर नकार.

ब्रिन याच मंडळाची, पण अलाबामातल्या शाखेची. कॉलेज बदललं की नव्या शाखेतल्या बहिणींची संमती लागते. तिकडे मंडळाचं घर म्हणजे पांढऱ्या खांबांचा महाल होता. जिन्यावर झुंबर, स्वयंपाकाला माणसं, आणि मुली इतक्या की निम्म्यांची नावं तिला शेवटपर्यंत पाठ झाली नाहीत. इथे भाड्याचं घर, एकच न्हाणीघर आणि त्यावरून रोजची भांडणं.

वडिलांना अर्धांगवायू झाला म्हणून ती आयोवातल्या आपल्या गावी परतली, तेव्हा अलाबामाहून भलामोठा पुष्पगुच्छ आला. त्यावर छापील सह्या होत्या. इथल्या शाखेतून मेविस आली, स्वतःच्या खटारा गाडीतून. ओळख ना पाळख.

"तू आमच्यातलीच आहेस असं कळलं," ती दारातच म्हणाली. "हे कॅसरोल, ओव्हनमध्ये भाजलेलं जेवण. वरचे बटाटे करपलेत, गपचूप खायचे. बाबांना व्यायामाला कोण नेतं?"

"आईला सुट्टी असली की आई."

"आणि नसली की मी."

अख्खा हिवाळा मेविसने ते निभावलं. कुणाशी न बोलणाऱ्या बाबांना तिने पत्त्यांत इतकं हरवलं, की ते चिडून बोलायला लागले.

ब्रिनला त्याची थोडी तरी परतफेड करायची होती. नव्या मुलींना मंडळ बघायला बोलावायच्या दिवशी तिने दार उघडायचं काम मागून घेतलं. अलाबामात दार उघडताच चौकटीत मुलींचे चेहरे एकावर एक रचलेले असतात आणि सगळ्या टाळ्या पिटत, बेंबीच्या देठापासून गातात. ब्रिनने एकटीने तेच केलं. समोर मेविसची मावसबहीण हॅटी उभी होती. लाजाळू पोर, मेविसने महिनोन्‌महिने समजावून तिला आणलं होतं. ती दचकून मागे सरली, पायरी चुकून पडली, उठली आणि चालती झाली.

"अगं बाई, आग लागली का कुठे?" अध्यक्ष कॉर्डेलियाने आतून विचारलं. कोको पीत पत्ते खेळणाऱ्या सगळ्या हसल्या. मेविस हसली नाही. हॅटी पुन्हा आली नाही.

आता बैठकीच्या खोलीचं दार उघडलं. मेविस पाण्याचा रिकामा जग घेऊन बाहेर आली.

"झालं?" ब्रिनने विचारलं.

"आतलं बाहेर सांगायचं नसतं. अलाबामात शिकवलं नाही का?"

"तिकडे ओरडायलाच शिकवलं फक्त."

हसू येऊ नये म्हणून मेविसने ओठ दाबून धरले. तिने जिन्यालगतच्या न्हाणीघरातला नळ सोडला.

"मणी कुठलाही पडो," ब्रिन म्हणाली. "बाबा आज सकाळी आईला पत्ते वाटत होते. लुळ्या पडलेल्या डाव्या हाताने. ते तुझ्यामुळे. हे सांगायचं राहिलं होतं."

जग भरून वाहायला लागला. मेविसने नळ बंद केला.

"उद्या साडेआठला तयार ठेव त्यांना. रस्ते निसरडे आहेत."

"मेविस, ये गं लवकर!" आतून कॉर्डेलियाची हाक आली. "मणी परत वाटायचेत."

दार लागलं. म्हणजे पहिल्या फेरीत काळा मणी पडला होता, आणि तो कुणाचा असेल याचा ब्रिनला अंदाज होता. साडेसहा वाजले तेव्हा फेरमतदान सुरू होतं.