उघडी भिंत

"पाडणार? दुरुस्तीसाठी पैसे आले होते ना तुमच्याकडे?"

पद्मिनी उभी राहून इतक्या जोरात बोलली, की नगरपालिकेच्या सभागृहात पेंगणारे दोघं-तिघं दचकून जागे झाले.

टेबलामागच्या अधिकाऱ्यानं शांतपणे चष्मा पुसला. "मॅडम, निधी वस्ती सुधारण्यासाठी आहे. पडीक घर पाडणं हीसुद्धा सुधारणाच असते."

"आमच्या शेजारचं ते घर पडीक नव्हतं! तुम्ही त्याला पडू दिलंत. आणि उरलेले पैसे कुठे गेले? त्या नव्या हॉटेलसमोरच्या पार्किंगमध्ये?"

"त्यानं रोजगार वाढेल, मॅडम."

"कोणाचा? मोटारींचा?"

मागे कोणीतरी हसलं. एकनाथनं बायकोच्या कोटाची बाही ओढली. "पद्मा, खाली बस. आपलं घर आहे का ते? लोक बघतायत."

"बघू देत."

अमेरिकेतल्या त्या गावात कूपर स्ट्रीटवरची घरं एकमेकांना चिकटून उभी होती, दोन घरांत मिळून एकच भिंत. पद्मिनी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासायची, एकनाथ कारखान्यात लेथवर होता. त्यांनी घर घेतलं त्याच संध्याकाळी शेजारच्या मिसेस बेन्स मक्याचा गरम पाव घेऊन दारात आल्या. उंच, कृष्णवर्णी, आवाज चर्चमध्ये गाऊन कमावलेला. पुढे मुलाच्या, कुमारच्या वेळी पद्मिनीजवळ ना आई होती ना सासू. या बाईनं तिचं सगळं बाळंतपण काढलं. अपरात्री पोर रडायला लागलं की भिंतीवर टकटक व्हायची आणि पद्मिनीचं पॅम करून पलीकडून आवाज यायचा, "पॅम, मी येऊ का?"

मग मिस्टर बेन्सचा साबणाचा कारखाना बंद पडला आणि वर्षभरात तेही गेले. हप्ते थकले. बँकेनं घर जप्त केलं, दाराला कुलूप ठोकलं आणि विसरून गेली. मिसेस बेन्स बहिणीच्या फ्लॅटमध्ये सोफ्यावर झोपू लागल्या. पहिल्याच हिवाळ्यात रिकाम्या घरातले पाइप गोठून फुटले. मग चोरांनी तांब्याच्या नळ्या उपटून नेल्या. पद्मिनीनं बँकेला फोन केले, नगरपालिकेला केले. प्रत्येक जण दुसऱ्याचा नंबर द्यायचा.

अशात वॉशिंग्टनहून निधी आल्याची बातमी आली. जप्त झालेली घरं नीट करून जुन्या रहिवाशांना स्वस्तात द्यायची, अशी योजना. सभेतला हाच चष्मेवाला अधिकारी येऊन घर बघून गेला होता. "या रस्त्यावरचं पहिलं घर तुमचं," असं मिसेस बेन्सचा हात हातात घेऊन म्हणाला होता. त्या दिवशी मिसेस बेन्सनी पद्मिनीच्या स्वयंपाकघरात बसून पडद्यांचा रंगसुद्धा ठरवला. पुढचे दोन हिवाळे कोणी फिरकलं नाही. छप्पर खचलं, आणि आता घर दुरुस्तीच्या पलीकडे गेलंय, असा निकाल लागला.

सभेनंतर एडिसनहून नणंदेचा, वीणाचा फोन आला. "वहिनी, सोडा ना ते घर आता. इकडे शिफ्ट व्हा. सगळी आपलीच माणसं आहेत, स्कूल्स बेस्ट आहेत."

"तिकडे सगळं बेस्टच असतं गं, वीणा," पद्मिनी म्हणाली. "आमच्यासारखे निघून जातात ना, म्हणून इकडे काही उरत नाही." आणि तिनं फोन ठेवून दिला. वीणाचं अगदीच चूक होतं असंही नव्हतं.

बुलडोझर आला तेव्हा पद्मिनी ड्यूटीवर होती. घरी येऊन पाहते तो शेजारी विटांचा ढीग, आणि तिच्या घराची बाजू सोललेली. सामाईक भिंत तेवढी राहिली होती. त्या भिंतीवर मिसेस बेन्सचं आख्खं घर दिसत होतं. खाली स्वयंपाकघराचा पिवळा रंग, मधे जिन्याची तिरकी खूण, वर निजायच्या खोलीतला गुलाबी फुलांचा कागद. त्या कागदावर, पलंग असायचा तिथे, शेजारी शेजारी दोन तेलकट डाग होते. दोन डोकी वर्षानुवर्षं टेकून पडलेले.

"पाणी मुरेल आता. गिलावा करायला हवा," एकनाथ म्हणाला. "नगरपालिकेला विचारलं मी. भिंतीचा खर्च घरमालकाचा, म्हणजे आपलाच म्हणे."

"काही करायचं नाही!" पद्मिनी कडाडली. "राहू दे अशीच उघडी. येता-जाता सगळ्यांना दिसू दे काय केलंय ते. मी उद्या पेपरवाल्याला बोलावते, फोटो काढायला."

दुसऱ्या दिवशी मिसेस बेन्स बसनं आल्या. रविवारची हॅट घालून, हातमोजे चढवून, जणू कोणाच्या अंत्यविधीला आल्यासारख्या. पद्मिनीनं त्यांचा दंड धरला. "बघा! बघा काय करून ठेवलंय! फोटोग्राफर येतोच आहे. पहिल्या पानावर छापायला लावते मी त्याला."

मिसेस बेन्स मान वर करून पाहत राहिल्या. समोरच्या फुटपाथवर दोन मुलं थांबून भिंतीकडे बोट दाखवत होती.

"पॅम," त्या अगदी हळू म्हणाल्या, "ती आमची निजायची खोली आहे गं."

पद्मिनीनं त्यांचा दंड सोडला.

ती घरात गेली. कपाटातून दोन सोलापुरी चादरी काढल्या आणि जिना चढून सपाट छपरावर आली. एकनाथ काही न विचारता मागोमाग आला, हातात चार विटा घेऊन. कडेला वाकून दोघांनी चादरी त्या गुलाबी कागदावर खाली सोडल्या आणि वरच्या टोकांवर विटा ठेवल्या.

खाली फोटोग्राफर येऊन उभा राहिला होता, गळ्यात कॅमेरा. "काय होतं तिथे?" त्यानं वर पाहून विचारलं.

पद्मिनी मिसेस बेन्सकडे बघत होती. हातमोजा घातलेला हात वर करून त्या खुणावत होत्या, अजून थोडी डावीकडे.

तिनं वीट उचलली आणि चादर सरकवली.