रंगूनहून आणलेली बातमी

१९६४ साली मी रंगूनच्या आपल्या वकिलातीत थर्ड सेक्रेटरी होतो. परराष्ट्र सेवेतली ती माझी पहिलीच नेमणूक. तिथल्या सरकारनं दुकानं ताब्यात घेतली होती आणि हजारो भारतीय बोटीनं मायदेशी निघाले होते. त्यांचे कागद तपासून सही करणं, हे माझं काम.

एका दुपारी पन्नाशीचा एक लंगडा माणूस समोर आला. अर्जावर होतं : फकिरा महागू मेश्राम, मूळ गाव खैरलांजी, जिल्हा बालाघाट.

माझा हात थांबला. हे माझ्या जिजाआत्याच्या नवऱ्याचं, आमच्याकडच्या बोलीत मामाजींचं, नाव. १९४३ मध्ये ते फौजेत भरती होऊन ब्रह्मदेशच्या लढाईवर गेले. मागून 'बेपत्ता' एवढंच पत्र आलं. आत्या लांजीला आमच्या घरी राहायला आली; आई मजुरीला जायची, म्हणून तिनंच मला वाढवलं. छप्पन साली आम्ही बौद्ध झालो, घरातले देव गेले. आत्याच्या कपाळावरचं कुंकू तेवढं राहिलं.

"मी खेमराज," मी म्हणालो. "जिजाबाईचा भाचा."

त्यांनी टेबलाची कड धरली. "जिजा हाय?"

"हाय. तुमची वाट पाहून राह्यली."

ते खालीच बसले. मग तुटक तुटक सांगू लागले. पायाला गोळी लागली, एका बर्मी कुटुंबानं वर्षभर लपवून जगवलं, त्याच घरातल्या मुलीशी लग्न झालं, दोन मुलं झाली. आता दुकान गेलं. बायको आपला देश सोडायला तयार नाही, म्हणून ते एकटेच निघाले होते.

"अर्ज मागं दे, बापू," ते म्हणाले. "मले वाटलं, तिनं दुसरं घर केलं असन. आता कोन्या तोंडानं जाऊ? तिले सांग, मी मेलो."

"असं कसं सांगू, मामाजी?"

"तू सरकारचा मानूस. तुवं बोलनं तिले खरं वाटन."

मी अर्ज परत दिला; ते तिथेच राहिले. डिसेंबरात मला रजा मिळाली. गोंदियाहून बसनं लांजीला पोचलो, तेव्हा आत्या अंगणात तांदूळ पाखडत होती. पाणी दिल्यावर तिनं दर वेळच्यासारखंच विचारलं, "त्याइचा काही पत्ता लागला का रे?"

नको ते उत्तर टाळायचं कसं, हे नोकरीत शिकलो होतो. तिच्यासमोर ते जमलं नाही. मी सरळ खोटं बोललो. "जुन्या कागदात नाव सापडलं, आत्या. ते लढाईतच गेले."

"हौ," ती म्हणाली. सूप खाली ठेवलं आणि पदरानं स्वतःच कुंकू पुसलं. तीन दिवस ती रडली नाही. चौथ्या दिवशी चुलीपुढे बसल्या बसल्या अशी रडली, की आईला भाताचं भांडं उतरवून घ्यावं लागलं.

चार वर्षांनी, मी नैरोबीत असताना, मामाजींचं पत्र आलं. बर्मी बायको वारली होती, मुलं आपापल्या संसारात होती. 'जिजाले खरं सांगून दे. ती म्हनन तर येतो.'

मी आत्याला सगळं लिहिलं. शाळेतल्या प्रेमलाल मास्तरांनी पत्र तिला वाचून दाखवलं आणि ती सांगेल तसं उत्तर लिहिलं : 'त्याइच्यासाठी मी रडून घेतलं. आता परत काहून बोलावू? येऊ नका म्हना. तुह्यावर राग नाही, खेमराज. पन तू सांगशील ते आता मले खरं वाटनार नाही.'

तिचा नकार मीच मामाजींना कळवला. त्यांचं पुन्हा पत्र आलं नाही.

७२ साली मला बढती मिळाली. बायकोला, शीलाला, घेऊन लांजीला गेलो. आत्यानं मायेनं जेवू घातलं. तिच्या पायाशी बसून मी बढतीची गोष्ट सांगितली.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग शीलाकडे वळून हळूच म्हणाली, "हौ का वो, शीला? खरं सांगून राह्यला का हा?"

"हौ, आत्याबाई," शीला म्हणाली.

तेव्हा कुठे ती हसली.