पाचव्या गाण्यातलं कानडी

मानसिंगला सगळं येत होतं, एक विचारणं सोडून. केम गावचा गडी, सोलापुरात शिकायला आला, शिक्षण गेलं उडत आणि हा रॅप करत बसला. जोडीला शुक्रवार पेठेतला विरेश, तो ह्याला माना म्हणायचा. मानसिंगनं शब्द लिहायचे, म्हणायचे. विरेशनं ठेका बांधायचा आणि मधूनमधून साथ द्यायची. जोडीचं नाव 'दुहेरी पीळ'. ह्याला सोळा वर्षं झाली. त्या वेळी शिट्ट्या मारणारी पोरं आता स्वतःची पोरं शाळेत सोडायला जातात, तरी टोळकं काही फुटलं नाही.

सहा वर्षांनी नवा अल्बम आला, 'पंचेचाळीस डिग्री'. मानसिंग हवालदिल. चाळिशीतल्या बाप्यांचा रॅप ऐकणार कोण? हे चाललं नाही तर जोडी मोडली, असं त्यानं मनाशी धरूनच ठेवलं होतं. आणि जोडी मोडली तर आपण कोण, ह्याचं उत्तर त्याच्याकडं नव्हतं.

त्यांच्या कामाची एक रीत होती. ठेका तयार झाला की विरेश त्यावर तोंडाला येईल ते कानडी म्हणायचा. घरी आई सावित्रम्मा कानडीच बोलायची, त्याची जीभ तिथंच सैल सुटायची. ह्याला ते 'कच्चं' म्हणत. कच्च्यावरनं मानसिंगला कळायचं, कुठं किती शब्द बसतात. मग तो मराठी लिहायचा आणि कच्चं पुसून टाकायचा. अगदी सुरुवातीला त्यानं एकदा विचारलं होतं, काय म्हणतोस रे हे? विरेश म्हणाला, बाजाराची यादी. दोघं पोट धरून हसले. झालं, तेव्हापासून मानसिंगच्या लेखी कानडी म्हणजे मिरची, गूळ आणि शेंगदाणे.

ह्या खेपेला पाचव्या गाण्याचं कच्चं ऐकून मात्र तो उडालाच. आवाज असा घोगरा, की पुन्हा पुन्हा ऐकावा. दहा वेळा ऐकलं. ह्यावर आपण काय डोंबल लिहिणार? म्हणाला, पुसायचं नाही, हेच ठेवू. विरेश त्याच्या तोंडाकडं बघत राहिला. असंच, त्यानं विचारलं. असंच, मानसिंग म्हणाला, अर्थ कुणाला पायजे? माणसाची अक्कल चरायला जाते ती अशी.

रविवारी दुपारी अल्बम सगळीकडं सुटला आणि त्याच वेळी चाहत्यांसाठी पेठेतल्या एका मंगल कार्यालयात तो वाजवायचा होता. खुर्च्या अडीचशे, माणसं त्याहून जास्त. बार्शी, करमाळा, अक्कलकोट, कुठनं कुठनं आली होती. पहिल्या गाण्याला शिट्ट्या पडल्या. दुसऱ्याला लोक खुर्च्यांवर चढले, कार्यालयाचा मॅनेजर हातापाया पडत फिरू लागला. मानसिंगची छाती फुगली. चौथं संपेपर्यंत तर त्यानं पुढच्या अल्बमचं नावसुद्धा ठरवून टाकलं.

पाचवं सुरू झालं तसा विरेश उठून मागच्या खोलीत गेला. पाणी प्यायला गेला असेल, मानसिंगला वाटलं. गाणं निम्म्यावर आलं आणि अक्कलकोटकडची मंडळी नाचता नाचता थांबली. मग पेठेतली थांबली. ज्यांना कानडीचा गंध नाही ते शेजाऱ्याला विचारू लागले, आणि ज्याला सांगितलं तो गप्प होत गेला. गाणं संपलं, टाळी नाही, शिट्टी नाही. बुडालो, त्याला वाटलं, लोकांनी नाकारलं.

पहिल्या रांगेत हेमावती होती, अक्कलकोटची शिक्षिका, पहिल्या कार्यक्रमापासूनची चाहती. ती ओढणी डोळ्यांना लावून बसली होती. मानसिंग खाली उतरून तिच्यापाशी गेला, आवडलं न्हाई व्हय, त्यानं विचारलं. तिनं ओढणी बाजूला केली.

"दादा, तुम्हाला माहीत नाही?"

मग तिनं गाण्यातली एकेक ओळ मराठीत सांगितली. उजवा कान गेला, दोन वर्षं झाली. डावाही चाललाय, डॉक्टर म्हणतात फार तर वर्षभर. माना स्टेजवर उजवीकडं उभा राहतो. तो काय म्हणतो ते मला ऐकू येत नाही, त्याचे ओठ बघून मी साथ देतो. टेबलावर तळहात ठेवून ठेका जुळवतो. तो चुकलास म्हणून शिव्या घालतो, मी हसतो. साकु, माना, होगतीनी.

"म्हणजे पुरे, माना, जातो," हेमावती म्हणाली. "आमच्यात नुसतं जातो कुणी म्हणत नाही, दादा. जाऊन येतो म्हणतात."

दोन वर्षं! दोन वर्षं तो ह्या माणसावर खेकसत होता, आवाज किती वाढवतोस, कान फुटले का तुझे? हेच शब्द, चारचौघांत, आणि चारचौघं हसले होते. परक्या माणसांना जे अर्ध्या गाण्यात कळलं ते ह्याला दहा वेळा ऐकून कळलं नाही, आणि वर ह्यानंच ते जगाला वाजवून दाखवलं. आग लागो असल्या शहाणपणाला.

मागच्या खोलीत विरेश वायरी गुंडाळत होता. मला का सांगितलं न्हाईस, मानसिंगनं दारातनंच विचारलं. विरेश गुंडाळत राहिला. मानसिंगनं पुन्हा विचारलं, जरा मोठ्यानं. मग त्याच्या ध्यानात आलं, आणि तो वळसा घालून डावीकडं गेला, खाली बसला, कानाशी तोंड नेऊन तिसऱ्यांदा विचारलं.

"सांगितलो की," विरेश म्हणाला. "आईला सांगायच्या आधी तुला सांगितलो. वाटलं, आता तरी विचारशील, काय बोललालास म्हणून. तू दहा वेळा ऐकलास. दहाही वेळा वाट बघितलो मी."

बाहेर लोकांनी पाचवं गाणं पुन्हा लावायला लावलं होतं. भिंतीच्या पलीकडनं विरेशचा आवाज येत होता, आणि आता सगळं कार्यालय त्याच्याबरोबर म्हणत होतं. मानसिंगनं डोळे पुसले आणि पुन्हा त्याच्या डाव्या कानाशी वाकला.

"आत्ता, ह्या ओळीत, काय म्हणतोस?"

विरेशनं वायर खाली ठेवली आणि त्याच्याकडं पाहिलं.

"गाणं लागलंय काय?" त्यानं विचारलं.