शेवटून पहिलं

शाळेत जाणाऱ्या सभासदाचं मत अर्धं धरायचं, हा नियम कुणी केला असं विचारलं की सगळे एकदम खिडकीबाहेर बघायला लागायचे. केला होता यादीवाल्या काकांनी. आयुष्यभर लोकांच्या जमिनी मोजल्या आणि निवृत्त झाल्यावर गाणी मोजायला बसले, असा हा माणूस.

सायकल दुरुस्तीच्या दुकानावर एक खोली होती. तिथे दर रविवारी दुपारी चौदा मोठी माणसं आणि एक शाळकरी मुलगी जमायची. सगळे एकाच गायकाचे वेडे. त्याला ते नावाने हाक मारत नसत, ‘मालक’ म्हणत. मालकांची एकूण गाणी सत्त्याऐंशी. दर रविवारी चार ऐकायची, प्रत्येकाने दहापैकी मार्क द्यायचे, काकांनी बेरीज करायची. शेवटी एक पुस्तिका निघणार होती. त्यात पहिल्यापासून शेवटच्या नंबरापर्यंत सगळी गाणी आणि प्रत्येक गाण्याखाली कुणा एका सभासदाचा एका ओळीचा शेरा.

“म्हणजे मी दहा दिले तर तुम्ही पाच धरणार?” मुलीने पहिल्याच रविवारी विचारलं होतं.

“हो.”

“मग मला खुर्ची पण अर्धीच देणार का?”

खोली हसली. औषधांच्या दुकानात काम करणारा कंपाउंडर म्हणाला, “ही पोरगी नाही, टाचणी आहे.” तेव्हापासून ती टाचणी.

अर्ध्या मताचा राग तिने गिळला नाही, कामाला लावला. काकांचा दुसरा एक नियम होता: शेरा सभासदाचा, त्यातला काना-मात्रा कुणी बदलायचा नाही. टाचणीला पक्कं कळलं, मत अर्धं असलं तरी शेरा पुरता छापतात. मग तिने जिभेला धार लावली. दोन महिन्यांत अशी वेळ आली की गाणं संपलं रे संपलं की चौदा माना तिच्याकडे वळायच्या. वर्गात हात वर करायला घाबरणारी मुलगी होती ती, मागच्या वर्षापर्यंत. आता तिला कोण अडवतंय.

‘उशीर’ हे गाणं शेवटच्या रविवारी आलं. अगदी नावाला जागणारं गाणं. बैलाला चढावर ओढावं तसं चाललेलं. मालकांच्या मागून एका बाईचा आवाज येतो, जाड, लांबलेला, रडवेला. कॅसेटच्या कव्हरवर तिचं नाव नाही, ती कोण हे कुणालाच ठाऊक नाही. गाणं संपलं. माना वळल्या.

“दुसरा आवाज तुंबलेल्या मोरीचा आहे,” टाचणी म्हणाली. “कुणीतरी काठी घाला, गाणं आपोआप मोकळं होईल.”

कंपाउंडर इतका हसला की चष्मा मांडीवर पडला. काकांनी ओळ लिहून घेतली. बेरीज झाली. सत्त्याऐंशीवा नंबर.

“शेवटून पहिलं,” कंपाउंडर म्हणाला, डोळे पुसत.

टाचणी घरी गेली ती जमिनीपासून चार बोटं वरून.

सोमवारी शाळा सुटल्यावर ती लॉन्ड्रीत गेली. तिथे मावशी इस्त्रीच्या टेबलावर असायची. मावशी त्यांच्याच घरात राहायची, आईपेक्षा मोठी, आईपेक्षा कमी बोलणारी. मालकांचं गाणं लागलं की ती खोलीतून उठून जायची. टाचणीची पक्की समजूत होती की मावशीला कान नाहीत.

दप्तर टाकताच तिने रविवारचं सगळं साभिनय सांगितलं. मोरी, काठी, कंपाउंडरचा चष्मा. मावशीचा शर्ट चालू होता. तिचा क्रम ठरलेला: कॉलर, कफ, बाह्या, पाठ, मग पुढचा भाग. बाह्या झाल्या होत्या. मावशीने शर्ट फिरवला आणि ती पुन्हा कॉलरवर आली.

“कुठलं गाणं म्हणालीस?”

“‘उशीर’. तुला नाही माहीत, एकदम रद्दी आहे.”

“आणि मोरी कोण?”

“ती मागची बाई गं.”

“मी आहे ती.”

टाचणी हसली. मावशी वर्षातून एखादा विनोद करते, हा त्यातला असेल म्हणून दाद दिल्यासारखी हसली. मावशीने इस्त्री उभी केली. मग टाचणीचं हसू तोंडावर तसंच राहिलं, काढायचं कुठे ते कळेना.

“लाव ते,” मावशी म्हणाली.

“नको.”

“लाव म्हणते ना.”

फोनवर गाणं लागलं. मावशीने अर्धं कडवं ऐकलं आणि तिच्या कपाळावर आठी आली. “हे काय आहे? इतक्या खाली मी जन्मात गायले नाही. माझा गळाच नव्हता तसा. हा कुणीतरी बाप्या झोपेत बडबडतोय.”

मग जे बाहेर पडलं ते इस्त्री करता करता, तुकड्या-तुकड्यांत. मावशी एकोणीस वर्षांची असताना कोरसमध्ये उभी राहायची. त्या दिवशी ठरलेली गायिका आलीच नाही, म्हणून हिला पुढे ओढलं. एकदाच गायली, तेच ठेवलं. कव्हरवर नाव छापतो म्हणाले, छापलं नाही. एक रेकॉर्ड तेवढी हातात दिली, ती घरी पेटीत पडून होती. “त्यांनी माझं नाव घातलं नाही, मी त्यांचं नाव काढलं नाही. फिट्टंफाट.”

टाचणीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. “मग मावशी, वेग चुकलाय. फाइलच हळू आहे. म्हणजे मोरी तू नाहीसच.”

“तू ऐकलंस तेव्हा वेग चुकलाय हे तुला माहीत होतं?”

“नाही.”

“मग मोरी मलाच म्हणालीस.” मावशीने बाटली उचलून कॉलरवर पाणी मारलं. “बाजूला हो. आणि तिथे जाऊन माझं नाव घ्यायचं नाही. इतकी वर्षं चाललं तसं चालेल.”

टाचणीला असा राग आला की दोन्ही कान गरम झाले. मावशीवर, की इतकी वर्षं गप्प का बसली. स्वतःवर, की जीभ दाताखाली का धरली नाही. हसलेल्या चौदाही जणांवर. राग नेमका कुणावर काढावा ते ठरेना, तेव्हा तिने तो सगळ्यांना वाटून दिला, आणि कुणालाही अर्धा दिला नाही.

घरी पलंगाखालच्या पेटीत, जुन्या साड्यांच्या तळाशी, मावशीने सांगितलेली रेकॉर्ड सापडली. मधल्या गोल कागदावर गाण्याची लांबी छापलेली होती: चार मिनिटं दहा सेकंद. फोनमधली फाइल होती चार मिनिटं चाळीसची.

पुस्तिका बुधवारी सकाळी छापायला जायची होती. मंगळवारी दुपारी काका आणि कंपाउंडर खोलीत शेवटचं वाचन करत बसले होते. टाचणी जिना चढली तेव्हा खालच्या सायकलवाल्याने पान्हा थांबवून वर बघितलं, इतके तिचे पाय वाजत होते.

“‘उशीर’चा शेरा काढा,” ती म्हणाली. “आणि मार्क पण काढा.”

“आधी बस,” काका म्हणाले.

“बसायला आले नाहीये मी. ही रेकॉर्ड बघा. दहा सेकंद लिहिलंय. तुमच्या फाइलमध्ये चाळीस आहेत. सगळ्यांकडे तुमच्याच फाइली आहेत ना? तुम्हीच केल्यात ना कॅसेटवरून?”

काकांनी रेकॉर्ड हातात घेतली. उलटी केली, सुलटी केली. ही रेकॉर्ड त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिली नव्हती. “कुठे मिळाली?”

“ते सोडा. वाजवा.”

“रेकॉर्ड प्लेयरची सुई बदलायची आहे.”

“परवा तर दुसरी रेकॉर्ड वाजवलीत की,” कंपाउंडर निरागसपणे म्हणाला. काकांनी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने प्रूफ वर धरून तोंड झाकलं.

सुई टेकली. खरखर झाली आणि गाणं आलं ते दार ढकलून आल्यासारखं. ओढणं नाही, लांबण नाही. आणि ती बाई रडत नव्हती. ती झापत होती. उशिरा आलेल्या माणसाला दारातच उभं करून, श्वास न घेता, एकेक शब्द त्याच्या अंगावर फेकत होती. मालक मागे पडत होते, तिला गाठायला धावत होते. कोवळा, कडक, संतापलेला आवाज. टाचणीने हा आवाज घरात हजार वेळा ऐकला होता: ओला टॉवेल पलंगावर टाकलास तर.

“अरे,” कंपाउंडर म्हणाला, “ही तर भांडतेय.”

गाणं संपल्यावर काकांनी सुई उचलून जागेवर ठेवली, फार सावकाश. त्या सावकाशीवरून टाचणीला संशय आला.

“तुम्हाला माहीत होतं.”

“हे गाणं उतरवलं तेव्हा माझा कॅसेट डेक हळू चालत होता,” काका म्हणाले. “पट्टा सैल झाला होता. पुढे दोन-तीन वर्षांनी लक्षात आलं.”

“मग?”

“मग काय? तोवर फाइल सगळीकडे गेली होती. कॅसेट खराब झाली होती. एका पडेल गाण्यासाठी कुणाकुणाला कळवत बसणार?”

“पडेल? तुम्ही स्वतः दोन मार्क दिलेत त्याला. माहीत असून.”

“सगळ्यांनी जे ऐकलं त्यालाच मी मार्क दिले. आपला नियम—”

“घाला तो नियम चुलीत,” टाचणी म्हणाली. आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता. “वेग कमी केलात तुम्ही आणि रडवी ठरली ती. हसताना तुम्ही माझ्या शेजारी होतात. लिहून घेतलंत. एकदा म्हणाला असता, पोरी, जरा थांब.”

“तुला एवढं का झोंबतंय? शेरा तर तुझाच आहे.”

आता तिच्या जिभेवर मावशीचं नाव आलं, अगदी टोकावर. ते टाकलं असतं की काकांचं तोंड बघण्यासारखं झालं असतं. तिने ते गिळलं. हा रागाचा घास त्या दिवशी सगळ्यात मोठा होता.

“माझाच आहे,” ती म्हणाली. “म्हणून मीच बदलणार. पेन द्या.”

“नंबर बदलणार नाही. चौदा जणांची मतं आहेत.”

“साडेचौदा,” कंपाउंडर प्रुफाआडून म्हणाला.

“राहू दे नंबर. पेन द्या.”

टाचणीने मोरीवर अशी रेघ मारली की कागद फाटता फाटता राहिला. पहिली ओळ तिने काकांवर लिहिली, झणझणीत. वाचली. खोली नक्की हसली असती. आणि तेवढ्यात तिला कॉलरवर परत आलेली इस्त्री दिसली. मग मोरी मलाच म्हणालीस. तिने तीही ओळ खोडली. जागा संपत आली होती. शेवटी समासात, वाकड्या अक्षरात, तिने लिहिलं:

‘खरी लांबी ४ मिनिटं १० सेकंद. मी नीट न ऐकता हसले, यादीवाल्या काकांनी माहीत असून हसू दिलं. – टाचणी’

काकांनी वाचलं. चेहरा लाल झाला. “माझ्याबद्दलचं हे मी छापणार नाही.”

“माझं अर्धं मी लिहिलंय. तुमचं अर्धंही मलाच लिहावं लागलं, कारण तुम्ही लिहिलं नसतंत.”

“छापणार नाही म्हटलं ना.”

कंपाउंडरने प्रूफ खाली ठेवलं. हा माणूस दहा वर्षं काकांना हो म्हणत आला होता. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “काका, शेरा सभासदाचा. काना-मात्रा बदलायचा नाही. तुमचाच नियम आहे हो.”

टाचणीने रेकॉर्ड उचलून दप्तरात घातली. काका त्या दप्तराकडे बघत राहिले. एकदा तरी नीट उतरवून घेऊ दे, असं त्यांना म्हणायचं होतं हे स्पष्ट दिसत होतं. त्यांनी ते म्हटलं नाही आणि तिनेही विचारलं नाही.

पुस्तिका आली. टाचणीने लॉन्ड्रीत जाऊन शेवटचं पान उघडून इस्त्रीच्या टेबलावर ठेवलं आणि दोन पावलं मागे उभी राहिली. मावशीने हात पुसले. वाचलं. परत वाचलं.

“सत्त्याऐंशी?”

“हो. नंबर नाही बदलला त्यांनी.”

“आणि माझं नाव?”

“नाही घेतलं.”

मावशीने मान डोलावली. पुस्तिका मिटून तिने घडी केलेल्या शर्टांच्या बाजूला ठेवली, शर्टांवर नाही, शाई लागेल म्हणून. मग नवा शर्ट घेतला, कॉलर पसरली.

“मोरी मी विसरणार नाहीये,” ती म्हणाली.

“माहितीये.”

“निदान या वर्षी तरी नाही.”

“बरं.”

वाफ सुटली. कॉलर झाली, कफ झाले. पहिली बाही अर्धी झाल्यावर मावशी खाली बघतच म्हणाली, “त्या दिवशी तुझे मालक तीन तास उशिरा आले होते. आम्ही चौघी पोरी उपाशी, उन्हात, बाकावर. आल्यावर सॉरी पण म्हणाले नाहीत.” तिने बाही पलटली. “मग काय, माईक समोरच होता.”