अर्धी मात्रा

“या मेल्या मात्रेला सुपारीपेक्षा जास्त माज,” स्वयंपाकघराच्या दाराआड कृष्णराव पुटपुटले.

कॉफी गाळता गाळता वत्सलानं डोकावून पाहिलं. नवऱ्याच्या हातात अडकित्ता, आणि त्यात पाठदुखीवर डॉक्टरांनी लिहून दिलेली महागडी गोळी. टक्क. अर्धी तोंडात, अर्धी डबीत.

“कधीपासून चाललंय हे?”

“दिवाळीपासून. पुरवून खावं माणसानं.”

दिवाळीतच त्यांनी पुण्याला लेकीला, शरण्याला, फोनवर सांगितलं होतं, “आता अर्धी मात्रा घेतो.” कुंभकोणमच्या त्यांच्या मराठी घरात गोळीला मात्रा म्हणत, तमिळ मात्तिरैच्या वळणावर. पण दहा वर्षं पुण्यात नांदलेल्या पोरीच्या कानाला मात्रा म्हणजे डोस. डोस अर्धा, म्हणजे दुखणं अर्धं. ती केवढी हरखली, आणि काढलेलं तिकीट तिनं रद्द केलं. वत्सलाला वाटलं होतं, डॉक्टरांनीच अर्धी सांगितली असेल. तसं वाटून घेणं सोपं होतं. विचारलं की हे आपले “बरं आहे” म्हणून मोकळे. लेकीसाठी दोनदा उन्हात घातलेली गादी तिनं मुकाट्यानं माळ्यावर चढवली होती.

गोळ्यांचं पाकीट पिशवीत टाकून ती बसस्टँडजवळच्या जेनेरिक औषधांच्या दुकानात गेली. काउंटरवरच्या वाणी नावाच्या मुलीनं पाकीट उलटंपालटं करून पाहिलं.

“मामी, ही तोडायची नसते. बारा तास हळूहळू विरघळते ही. तोडली की सगळं औषध एकदम अंगावर येतं, मग दुपारनंतर काही उरत नाही.”

नवऱ्याची सकाळची चक्कर आणि दुपारचं कण्हणं यांचं कारण वत्सलाला आत्ता कळलं.

“परवडत नाही, म्हणून तोडतात ते.”

“हेच औषध आमच्याकडे चौथाई किमतीत आहे. वरचं नाव कंपनीचं, गुण आतल्या औषधाचा. डॉक्टरांकडून औषधाचं मूळ नाव लिहून आणा. हळू विरघळणारी, हेही लिहायला सांगा.”

डॉक्टरांनी एका मिनिटात लिहून दिलं. “आधी विचारायचं नाही का, मामी?” एवढंच म्हणाले. वत्सलाच्या घरात विचारण्याचीच तर चोरी होती.

रविवारी शरण्याचा फोन आला; कृष्णरावांनी तो स्पीकरवर लावला.

“अप्पा, गोळ्यांना पैसे पाठवू?”

“नको गं. आता अख्खी घेतो, पण चौथाईत मिळते. नाव निराळं, औषध तेच.”

“मग छानच झालं.”

आणि बोलणं अडलं. इतके महिने गोळ्यांच्या किमतीवर फोन चालत होता. पैशांचं बोलणं झालं की माणूस यायचं राहून जाई. आता तोही विषय संपला. पलीकडे पुण्याच्या कुकरची शिट्टी झाली. लेक कुठली डाळ शिजवत असेल, कुंकू अजून तसंच बारीक लावत असेल का, वत्सला कान देऊन ऐकत राहिली. ‘ये’ हे एक अक्षर तिच्या जिभेवर येऊन बसलं होतं. पण लेकीची नोकरी, तिचं पोर, तिचा संसार. ते अक्षर तिनं गिळलं.

“पुन्हा अर्ध्यावर याल ना लवकर, अप्पा?” शरण्यानं हसत विचारलं.

कृष्णरावांनी बायकोकडे पाहिलं. मग फोन तोंडाजवळ घेतला.

“मी गोळी तोडून खात होतो, शरण्या. पैशापायी. दुखणं अर्धं कधी झालंच नव्हतं.” त्यांचा आवाज खाली आला. “फार दुखतंय, बाळा. तू ये.”